सरचूची हद्द ओलांडताना: कॅम्परव्हॅनचा हीटर, बॅटरी आणि पाणी

आमच्याकडून गाडी बांधून घेतलेल्या आणि मनालीमार्गे लेहला निघालेल्या ग्राहकांसाठी

गाडी ताब्यात देताना सगळी उपकरणं आम्ही भोसरीत चालवून दाखवतो. पुण्याची उंची जेमतेम 560 मीटर. हिमाचल आणि लडाखची हद्द सरचूला, साधारण 4,290 मीटरवर. त्याआधीची बारालाचा खिंड 4,800 मीटरच्याही वर. सरचूला हवेचा दाब पुण्याच्या दोन-तृतीयांशापेक्षा कमी भरतो आणि ऐन सीझनमध्येही पहाटे पारा शून्याखाली उतरू शकतो. तिथे रुसलेली बहुतेक उपकरणं बिघडलेली नसतात, त्यामुळे पाना हातात घेण्याआधी हे वाचा.

डिझेल हीटर

सर्वाधिक तक्रारी याच्याच. हवा विरळ झाली तरी पंप डिझेल पुण्याइतकंच सोडतो. ते पूर्ण जळत नाही, ज्वलनकक्षात काजळी धरते, ग्लो प्लगभोवतीची (डिझेल पेटवणारा, विजेवर तापणारा प्लग) बारीक जाळी बुजते आणि हीटर पेटायचं नाकारतो. म्हणून सरचूच्या अलीकडे, जिस्प्याच्या मुक्कामीच (सुमारे 3,200 मीटर) सेटिंग बदला. कंट्रोलरला उंचीचा मोड असेल तर तो लावा. नसेल तर पंपाची कमाल फ्रिक्वेन्सी 5 हर्ट्झवरून 3.5 च्या आसपास आणा. पंख्याचा वेग आहे तसाच राहू द्या.

डिझेल वाचवायला रात्रभर अगदी मंद ठेवू नका, काजळी मंद आचेवरच जास्त धरते. सकाळी 15 मिनिटं फुल चालवा, मग कंट्रोलरवरूनच बंद करा. मेन स्विच कधीही ओढू नका: आतला भाग थंड करायला पंखा पुढे तीन ते पाच मिनिटं फिरावा लागतो.

पेटतच नसेल तर आधी टाकी बघा. हीटरची नळी टाकीच्या तळापर्यंत मुद्दामच नेलेली नाही. पाव टाकी उरली की हीटर थांबतो आणि गाडीपुरतं डिझेल राहतं. मग व्होल्टेज बघा. ग्लो प्लग सुरुवातीला आठ-दहा अँपिअर ओढतो, त्या वेळी आकडा 11.5 च्या खाली जात असेल तर दोष बहुधा हीटरचा नसून बॅटरीचा किंवा सैल जोडणीचा. दोनदाच प्रयत्न करा. पुन्हा पुन्हा बटण दाबलं की आत डिझेल साचतं आणि पेटल्यावर पांढऱ्या धुराचा लोट उठतो. दोन प्रयत्न फसले तर हीटर पूर्ण गार होऊ द्या, ग्लो प्लग काढा आणि जाळी बदला. किटमध्ये दोन जाळ्या, एक ग्लो प्लग, एक डिझेल फिल्टर आणि फ्यूज दिले आहेत.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म काढून ठेवू नका, मध्येच वाजून वैताग दिला तरी. डोकं दुखणं, मळमळ ही उंची लागल्याचीही लक्षणं आहेत आणि त्या वायूचीही; सरचूला फरक ओळखता येत नाही. अलार्म वाजला की सगळे आधी बाहेर पडा, दार उघडं ठेवा, चर्चा नंतर.

बॅटरी

पहाटे सोलरचा आकडा शून्य दिसला तर घाबरू नका. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली तर कायमची खराब होते, म्हणून तिचा बीएमएस (बॅटरीची राखण करणारं सर्किट) चार्जिंग रोखतो. वापर मात्र चालू राहतो. बॅटरीचा कप्पा उबदार झाला की चार्जिंग आपोआप सुरू होतं. बीएमएसला वळसा घालून थेट वायर जोडण्याचा सल्ला रस्त्यात कोणी ना कोणी देतंच. तो ऐकू नका, वॉरंटी तिथेच संपते.

पाणी आणि गॅस

झोपण्याआधी पंप बंद करा, नळ उघडा, सिंकखालचा निचरा व्हॉल्व्ह सोडा. सकाळी पंप गुरगुरतो पण पाणी येत नाही, म्हणजे नळीत बर्फ आहे. लगेच बंद करा, तसाच फिरत ठेवला तर पंप खराब होऊ शकतो. ऊन चढेपर्यंत थांबा. नळीला लायटर लावायचा नाही.

गॅसमधला ब्यूटेन शून्याच्या आसपास वायूरूप होणं सोडतो, म्हणून पहाटे ज्योत मरगळते. सिलिंडर गरम करू नका आणि झोपायच्या जागेत आणू नका. चहापुरतं पाणी रात्रीच थर्मासमध्ये भरा. सरचूला पाणी 86 अंशांच्या आसपासच उकळतं, तेव्हा डाळ-भात कुकरमध्येच, आणि नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त.

निघण्याआधी

केलाँगच्या अलीकडे तांदीच्या पंपावर टाकी फुल करा. पुढे लेहच्या अलीकडच्या कारूपर्यंत, म्हणजे तीनशेहून जास्त किलोमीटर, पंपाचा भरवसा धरू नका. मनालीहून एका दमात सरचूला मुक्काम करू नका, जिस्पा किंवा केलाँगला रात्र काढा. बारालाचाच्या वाटेवरचे नाले दुपारी बर्फ वितळून फुगतात, ते सकाळीच पार करा. आरसी, विमा आणि पीयूसी मूळ प्रतीत जवळ ठेवा.

लडाखमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही. हीटरबद्दल शंका असेल तर केलाँगहूनच कंट्रोलरचा फोटो, व्होल्टेज आणि धुराचा रंग वर्कशॉपच्या नंबरवर पाठवा. हीटर तिथेही पेटला नाही तर पुढे जाऊ नका, केलाँगलाच थांबून दुरुस्ती करा.