सब्जा उष्णता खात नाही, पाणी पितो

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांना टेकला की मोबाइलवर एक निरोप हमखास फिरतो: ‘सब्जा पोटातली उष्णता शोषतो, म्हणून तो फुगतो.’ शेजारच्या वहिनींनी यंदा तो मलाही पाठवला. मी म्हटलं, वहिनी, फ्रिजमधल्या गार पाण्यातही तो फुगतोच की. तिथे कोणाच्या पोटातली उष्णता?

सब्जा म्हणजे पिझ्झावर ज्याची पानं घालतात त्या बेसिलचं बी, ऑसिमम बॅसिलिकम. वृंदावनातली तुळस, ऑसिमम टेन्युइफ्लोरम, ही त्याची बहीण. चिया मूळची मेक्सिकोकडची, कुळ एकच पण नातं लांबचं.

आता खरी गंमत. या काळ्या दाण्याच्या अगदी बाहेरच्या थरातल्या पेशींत पेक्टिन कोरडं, दाबून भरलेलं असतं. जॅम घट्ट करतं तेच हे पेक्टिन. पाणी लागलं की ते फुगतं, पेशीची बाहेरची भिंत फाटते आणि बुळबुळीत गर बाहेर उसळतो. दोन-चार मिनिटांत काळ्या ठिपक्याभोवती करडी गादी तयार! भेंडीचा बुळबुळीतपणा पाण्यात सुटून जातो, सब्जाचा का नाही? कारण गरात सेल्युलोजचे बारीक तंतू असतात. ते दाण्याला धरून राहतात आणि पेक्टिनला बांधून ठेवतात.

पेक्टिनच्या लांब साखळीवर ऋणभार असलेले गट असतात. ते एकमेकांना ढकलतात, साखळी पसरते, मध्ये पाणी शिरतं. मीठ घातलं तर सोडियमचे धनभारित आयन हे ढकलणं झाकून टाकतात. लिंबाच्या आम्लात भारच कमी होतो. म्हणून खारट लिंबूसरबतात कोरडा सब्जा टाकाल तर तो कमी फुगेल. आधी साध्या पाण्यात भिजवा, मग सरबतात घाला. दोन वाट्या शेजारी ठेवून बघाच.

मग गार वाटतं ते? घाम वाळताना अंग निवतं, आणि घामाला पाणी लागतं. सब्जाच्या निमित्ताने ग्लासभर पाणी पोटात जातं, हा फायदा खरा. आठवड्यात पोट उतरवणारा सब्जा मात्र फक्त जाहिरातीत उगवतो. आणि कोरडा चमचाभर गिळू नका, घशात फुगून अडकू शकतो.

झाडाला हा गर हवा असतो तो मातीला चिकटून राहायला आणि ओल धरायला. वाटीत उरलेला भिजवलेला सब्जा कुंडीत पसरा, वर मातीचा जेमतेम पापुद्रा. आपली काळी माती नुसती वापरू नका; ती पाणी धरून बसते, वाळली की भेगाळते. निम्मी वाळू आणि शेणखत मिसळा. बी जुनं नसेल तर आठवड्याभरात कोंब दिसतात. दुपारचं ऊन मात्र टाळा. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा: शेंड्यातून उतरणारं ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक पानांच्या बगलेतल्या डोळ्यांना, म्हणजे फुटू पाहणाऱ्या कोंबांना, दाबून ठेवतं, ते थांबलं की फांद्या फुटतात. तुरेही खुडत जा. एक-दोन तेवढे वाळू द्या, पुढच्या मे महिन्याचा सब्जा त्यातूनच झाडायचा आहे.