पाणी नसलेलं बेट, जहाजांवर उभं राहिलेलं गाव

अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून वेगवान बोट पकडली की दीड-दोन तासांत इद्रा येतं. इंग्रजी नकाशांवर त्याचं नाव हायड्रा. बोट धक्क्याला लागताना समोर दिसतात ती अर्धवर्तुळाकार बंदराभोवती डोंगरउतारावर चढत गेलेली घरं. त्यातली काही करड्या दगडांची, किल्ल्यासारखी भक्कम. धक्क्यावर खेचरं उभी असतात, कारण बेटावर खासगी मोटारी, स्कूटर यांना मज्जाव आहे. पर्यटकांच्या बॅगांपासून सिमेंटच्या गोण्यांपर्यंत सगळं खेचरांच्या पाठीवरून वर जातं. 'जुनं ग्रीस' म्हणून लोक फोटो काढतात. पण हे जुनेपण मुळात कुणी ठरवून जपलेलं नाही. एखाद्या सावकारी घराण्याचं दिवाळं वाजावं आणि वाडा तेवढा उभा राहावा, तसं हे गाव मागे उरलं आहे.

नावापासूनच विरोधाभास आहे. इद्रा म्हणजे पाण्याचं बेट, आणि पाण्याचीच इथे वानवा. घरोघरी दगडी टाक्यांत पावसाचं पाणी साठवायचं, कमी पडलं तर बोटीनं आणायचं, हे पिढ्यान् पिढ्या चाललं. (हर्क्युलीसनं मारलेल्या नऊ डोक्यांच्या सापाशी बेटाचा संबंध नाही, तो समोरच्या पेलोपोनीज द्वीपकल्पातल्या लेर्नाच्या दलदलीतला.) प्राचीन इतिहासात बेटाला फारसं स्थान नाही. हिरोडोटसनं एवढंच नोंदवलंय की सामोसच्या परागंदा लोकांनी हे बेट समोरच्या किनाऱ्यावरच्या हर्मियोनी गावकऱ्यांकडून विकत घेतलं आणि ट्रोयझेन या दुसऱ्या गावाच्या हवाली केलं.

आजच्या गावाची मुळं पंधराव्या-सोळाव्या शतकातली. पेलोपोनीजमध्ये तुर्कांचा अंमल बसत गेला तशी अल्बानियन बोली बोलणारी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती कुटुंबं इथे येऊन राहिली. त्यांना आर्वानाइट म्हणतात. ग्रीक स्वातंत्र्ययुद्धातले इद्राचे अनेक वीर घरी ग्रीक नव्हे, हीच बोली बोलत. खडकावर शेती पिकत नव्हती, म्हणून पोट समुद्रानंच भरायचं. आधी छोट्या होड्या, मग मोठ्या, मग मांद्राकीच्या खाडीत उभारलेली शिडाची जहाजं.

दैव उघडलं ते दोन परक्या घडामोडींमुळे. १७७४ मध्ये रशियानं तुर्कांना हरवून क्युचुक कायनार्जाचा तह लादला. त्यानंतर काळ्या समुद्राचा व्यापार खुला होत गेला आणि ग्रीक जहाजं रशियन झेंड्याखाली बिनधास्त फिरू लागली. पुढे फ्रेंच राज्यक्रांती आणि नेपोलियनची युद्धं आली. इंग्रजांच्या आरमारानं बंदरांची नाकेबंदी केली, भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागातल्या बंदरांत धान्याचे भाव कडाडले. काळ्या समुद्रातला गहू भरून, नाकेबंदी चुकवून जो पोहोचवेल त्याची चांदी. इद्राच्या कप्तानांनी ती करून घेतली. त्यांच्यातल्या आंद्रेआस मियाऊलिसला एकदा खुद्द इंग्रज आरमारप्रमुख नेल्सननं पकडलं, 'तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस?' असं विचारलं आणि 'फाशी दिली असती' हे उत्तर ऐकून सोडून दिलं, अशी दंतकथा आहे. खरी असो वा खोटी, त्या धंद्यातली जोखीम तिच्यातून कळते.

या धंद्याची रचनाही बघण्यासारखी होती. खलाशांना ठरलेला पगार नसे. सफरीचा खर्च वजा जाता उरलेल्या नफ्यात भांडवलदार, जहाज आणि खलाशी यांचे वाटे पडत. त्यामुळे वादळातही जहाज वाचवण्यात प्रत्येकाचं हित गुंतलेलं असे. या पैशातूनच बंदरावरचे ते दगडी वाडे उभे राहिले. तुर्की सुलतानालाही या लोकांची गरज होती. इद्रा आरमाराला खलाशी पुरवी आणि बदल्यात आपला कारभार आपण पाही.

१८१५ मध्ये युरोपात शांतता झाली आणि मालवाहतुकीचं भाडं घसरलं. जहाजं धक्क्याला पडून, खलाशी रिकामे. १८२१ मध्ये तुर्कांविरुद्ध ग्रीक स्वातंत्र्याचं बंड पेटलं तेव्हा इद्राचे धनिक बिचकले, आणि ते स्वाभाविकच होतं. गमावण्यासारखं त्यांच्याकडेच होतं. अँटोनिस इकोनोमू या दुय्यम कप्तानानं बेकार खलाशांना हाताशी धरून बेटाची सत्ता घेतली आणि इद्राला युद्धात ओढलं. धनिकांनी लवकरच त्याला हुसकावलं, वर्षअखेर तो मारला गेला. बेटाच्या वीरकथेतला हा भाग मला सर्वात अस्वस्थ करणारा वाटतो. पण एकदा उडी घेतल्यावर त्याच धनिकांनी हात आखडता घेतला नाही. लाझारोस कुंदुरियोटिसनं आपल्या संपत्तीचा मोठा भाग जहाजांवर ओतला. त्याचा भाऊ जॉर्जिओस १८२४ मध्ये हंगामी सरकारचा प्रमुख झाला, तर मियाऊलिस आरमाराचा सेनापती.

तुर्कांच्या अवजड युद्धनौकांपुढे व्यापारी जहाजांच्या तोफा तोकड्या होत्या. मग हत्यार निघालं ते आगनौकेचं. जुनं जहाज डांबर, गंधक, दारूगोळ्यानं भरायचं, वाऱ्याच्या दिशेनं शत्रूच्या जहाजावर नेऊन अडकवायचं, वात पेटवायची आणि मागे बांधलेल्या होडीत उडी मारून वल्ही मारत सुटायचं. ऑगस्ट १८२४ मध्ये गेरोंटासच्या सागरी लढाईत या आगनौकांनी मोठं काम केलं.

देश स्वतंत्र झाला, इद्रा मात्र कंगाल. युद्धात घातलेल्या पैशाची भरपाई बेटकऱ्यांनी मागितली, राज्यप्रमुख कापोदिस्त्रियासच्या तिजोरीत ती द्यायला पैसा नव्हता. ऑगस्ट १८३१ मध्ये वाद टोकाला गेला. सरकारच्या बाजूनं आलेल्या रशियन जहाजांनी कोंडी केल्यावर मियाऊलिसनं पोरोस बंदरात देशाची सर्वात मोठी युद्धनौका 'एलास' सुरुंग लावून उडवली. अमेरिकेत बांधून घेतलेली, कर्जाच्या पैशातून आणलेली नौका! सेनापतीनंच आपल्या आरमाराला आग लावली.

पुढची उतरण शांतपणे झाली. सीरोस बेटावरचं एर्मूपोली हे नवं व्यापारी बंदर पुढे गेलं, वाफेची जहाजं आली आणि ती घेण्याइतकं भांडवल इद्रात उरलं नव्हतं. मग उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्पंज काढण्याचा धंदा आला. पाणबुड्याचा जड पोशाख घालून खोल उतरायचं आणि घाईनं वर यायचं, यात कित्येक जण मेले वा लुळे झाले. लोक बेट सोडत गेले. नवी बांधकामं करायला पैसा नव्हता, म्हणून जुनी तशीच राहिली. विसाव्या शतकात चित्रकारांना आणि लेखकांना तेच भावलं. कॅनडाचा कवी-गायक लेनर्ड कोहेननं १९६० मध्ये इथे १५०० डॉलरला घर घेतलं.

आता लाझारोसचा पिवळसर वाडा संग्रहालय आहे. त्सामादोस घराण्याच्या वाड्यात व्यापारी नौदलाचं विद्यालय भरतं, म्हणजे एका वाड्यानं तरी धंदा सोडलेला नाही. धक्क्याजवळच्या ऐतिहासिक संग्रहालयात चांदीच्या पात्रात मियाऊलिसचं हृदय जपून ठेवलं आहे. जूनच्या अखेरीस त्याच्या नावाचा उत्सव होतो, बंदरात तुर्की जहाज म्हणून एक होडी पेटवतात. पिरेयसला परतणारी बोट बऱ्याचदा वाटेत पोरोसला थांबते. 'एलास' उडवली ती याच बंदरात.