गेलेल्या चौदांबरोबर काय गेलं?

१३ जानेवारी २०२० च्या रात्री न्यू ऑर्लिन्समध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या, म्हणजे एलएसयूच्या संघाने क्लेमसनला ४२–२५ असं हरवलं आणि अमेरिकन कॉलेज फुटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. पंधरा सामने, पंधरा विजय. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा आणि पास टाकणारा खेळाडू, जो बरो याने त्या हंगामात ६० टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, टाकले; कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च विभागात तोवर एका हंगामात इतके कुणीच टाकले नव्हते. पुढे एप्रिलमध्ये एनएफएलचा, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट झाला. व्यावसायिक संघ आळीपाळीने कॉलेजातले खेळाडू निवडतात ती ही प्रक्रिया. त्यात या एका कॉलेजातले १४ जण उचलले गेले, त्यातले पाच पहिल्याच फेरीत. २६ सप्टेंबरला नवा संघ बॅटन रूजला घरच्या मैदानावर उतरला. समोर मिसिसिपी स्टेट. पाहुण्यांच्या क्वार्टरबॅकने हवेतून तब्बल ६२३ यार्ड मिळवले आणि गतविजेते ४४–३४ असे हरले. हंगाम संपला तेव्हा हिशेब होता पाच विजय, पाच पराभव.

आता दुसरा संघ पाहा. जॉर्जिया विद्यापीठाने २०२१ च्या हंगामाचं विजेतेपद मिळवलं. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये त्यांचे १५ खेळाडू गेले, म्हणजे एलएसयूपेक्षाही एक जास्त. पहिल्या फेरीत इथेही पाच, आणि ते पाचही बचाव फळीतले. त्याच बचावाने २०२१ मध्ये प्रतिस्पर्ध्यांना सामन्यामागे सरासरी जेमतेम दहा गुण करू दिले होते. एवढं खिंडार पडल्यावर जॉर्जियाचं काय झालं? पंधरा सामने, पंधरा विजय आणि अंतिम सामन्यात टीसीयू या विद्यापीठाच्या संघावर ६५–७ अशी मात.

जाणारे जवळजवळ सारखेच, परिणाम मात्र दोन टोकांचे. सिनियर खेळाडू गेले की संघ कोसळतो, हे वाक्य आपण सहज बोलून जातो. या दोन संघांकडे पाहिलं की ते वाक्य अर्धंच आहे हे लक्षात येतं, आणि उरलेलं अर्धं फार विलक्षण आहे.

मुळात कॉलेजच्या संघाला गळती लागलेलीच असते. त्या काळातल्या नियमांप्रमाणे खेळाडूला पाच वर्षांत चार हंगाम खेळता येत आणि शाळा सोडून तीन वर्षं झाली की एनएफएलचं दार उघडत असे. म्हणजे जो सर्वांत तयार, तोच जाण्याच्या सर्वांत जवळ. दरवर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत चर्चा रंगते ती यावरच: कुणाचे किती जुने परतले? बिल कॉनेली या क्रीडा-विश्लेषकाने त्यासाठी एक मापच तयार केलं. गेल्या वर्षीच्या कामगिरीपैकी किती टक्के कामगिरी करणारे खेळाडू यंदा परत आले आहेत, ते हे माप सांगतं. त्यात माणसं नुसती मोजत नाहीत, जागेनुसार वजन देतात. चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक गेला तर फटका तुलनेने हलका; क्वार्टरबॅक गेला किंवा पास झेलणारे गेले तर जड.

पण खेळाडूंकडे वळण्याआधी गणिताचा एक मुद्दा. समजा, एखादा संघ इतका भारी आहे की प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता ९० टक्के आहे. सलग पंधरा सामने जिंकण्याची शक्यता किती? पंधरा वेळा ०.९ घेऊन त्यांचा गुणाकार केला की उत्तर येतं साधारण २१ टक्के. म्हणजे असा संघसुद्धा पाचातल्या चार हंगामांत कुठेतरी एकदा तरी हरणारच. तेव्हा १५–० हा आकडा दिसतो त्यात गुणवत्ता असतेच, शिवाय त्या वर्षी नशिबाने दिलेला हातही असतो. पुढच्या वर्षी गुणवत्ता तेवढीच राहिली तरी तो हात पुन्हा मिळेलच असं नाही. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये २०५ जोडप्यांच्या ९२८ प्रौढ मुलांच्या उंचीचा अभ्यास मांडला, त्यात हेच दिसलं होतं. फार उंच आईबापांची मुलं सरासरीपेक्षा उंच असतात, पण आईबापांइतकी बहुधा नसतात. टोकाला गेलेली कोणतीही गोष्ट पुढच्या मोजणीत सरासरीच्या दिशेने सरकलेली दिसते. एलएसयूचे चौदाच्या चौदा परतले असते तरी १५–० पुन्हा होणं अवघडच होतं. ही घसरण सगळी गेलेल्यांच्या खात्यावर टाकणं अन्यायाचं आहे.

आणि नशीब जॉर्जियाच्याही बाजूने होतं, हे विसरू नये. त्या अजिंक्य हंगामात मिसूरीविरुद्ध ते चौथ्या सत्रापर्यंत मागे होते आणि २६–२२ असे निसटले. उपांत्य सामन्यात ओहायो स्टेटविरुद्ध ते ४२–४१ ने पुढे होते, तेव्हा अगदी शेवटच्या क्षणी प्रतिस्पर्ध्याने ५० यार्डांवरून चेंडू गोलखांबांकडे मारला. तो लांब बाहेर गेला. आत गेला असता तर या लेखातलं उदाहरणच वेगळं झालं असतं.

तरीही १५–० आणि ५–५ यांतली दरी नुसत्या नशिबाने भरत नाही. तिथे मेंदूचं काम सुरू होतं.

हा खेळ आपल्या ओळखीच्या फुटबॉलसारखा अखंड चालत नाही. एक डाव काही सेकंदांचा असतो. पुढच्या ओळीतला मधला खेळाडू, म्हणजे सेंटर, चेंडू मागे देतो, क्वार्टरबॅक साधारण अडीच-तीन सेकंदांत तो टाकतो किंवा आडवा होतो. डोळ्यांना काही दिसल्यापासून शरीर हलेपर्यंत माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो, तोही एकच ठरलेली हालचाल करायची असेल तर. पर्याय वाढले की वेळ वाढतो, हे विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये प्रयोगाने दाखवलं. चार शक्यता समोर असलेला खेळाडू दोन शक्यता समोर असलेल्यापेक्षा उशिरा हलतो, मग त्याचे पाय कितीही वेगवान असोत.

सिनियर खेळाडू नेमका इथे वेळ वाचवतो. त्याचे स्नायू काही जादूचे नसतात. चेंडू सुटण्याआधीच समोरच्याचा पाय कुठे रोवलाय, वजन बोटांवर आहे की टाचेवर, कोण आपल्या जागेवरून दोन पावलं सरकलाय, हे पाहून तो चारातल्या दोन शक्यता मनातच खोडून टाकतो. ब्रूस ॲबरनेथी यांनी १९८७ मध्ये बॅडमिंटनपटूंवर केलेल्या प्रयोगांत हाच प्रकार दिसला. चित्रफीत मध्येच थांबवून फूल कुठे पडेल असं विचारलं, तेव्हा नवशिके रॅकेटवर अवलंबून होते. तरबेज खेळाडूंना त्याआधीच खेळणाऱ्याच्या दंडाच्या हालचालीतून अंदाज आलेला होता.

बुद्धिबळातला प्रयोग तर आणखी बोलका. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये खेळाडूंना पट पाच सेकंद दाखवला आणि मग आठवणीतून मांडायला सांगितला. खऱ्या डावातली मांडणी असेल तर निष्णात खेळाडू नवशिक्याच्या कितीतरी पुढे. पण सोंगट्या कशाही विस्कटून ठेवल्या की त्याची ही आघाडी जवळजवळ पुसली गेली. त्याची स्मरणशक्ती असामान्य नव्हती. त्याला सोंगट्यांचे ओळखीचे झुबके दिसत होते. चार वर्षं एकाच प्रशिक्षकाच्या, एकाच पद्धतीत खेळलेल्या मुलालाही मैदान असंच झुबक्यांत दिसतं.

आता कल्पना करा, पद्धतच बदलली. एलएसयूमध्ये हेच घडलं. विजेतेपदानंतर बचावाचे सूत्रधार डेव्ह अरांडा बेलर विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि पासिंगची आखणी करणारे जो ब्रेडी एनएफएलमध्ये गेले. नव्या सूत्रधाराने बचावाची रचना बदलली: पुढच्या ओळीत तिघांऐवजी चौघे. म्हणजे जे जुने मागे राहिले होते त्यांच्यासाठीही पट विस्कटला. त्यात मार्च २०२० मध्ये कोविडमुळे वसंतातला सराव बंद पडला. एरवी १५ सत्रांचा हा सराव नव्या मुलांची शाळाच असतो. ऑगस्टच्या अखेरीस जमार चेस या अफाट रिसीव्हरने, म्हणजे पास झेलणाऱ्याने, तो हंगाम न खेळण्याचा निर्णय घेतला. तीन सामन्यांनंतर नवा क्वार्टरबॅक जखमी झाला आणि पहिल्या वर्षाच्या मुलाला उभं करावं लागलं. माझ्या मते एलएसयूची खरी दुर्दशा चौदा जण जाण्यात नव्हती. जाणारे, शिकवणारे आणि शिकण्याचा वेळ, तिन्ही एकदम गेलं, त्यात होती.

जॉर्जियाचे बचावाचे सूत्रधार डॅन लॅनिंगही गेले होते, ओरेगन विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक होऊन. पण मुख्य प्रशिक्षक कर्बी स्मार्ट स्वतः बचावातले जाणकार. लॅनिंग यांची जागा त्यांनी आधीच ताफ्यात असलेल्या दोघांना दिली. हाका त्याच, खुणा त्याच राहिल्या. योगायोग असा की नव्या हंगामाचा पहिला सामना ओरेगनशीच होता. जॉर्जियाची पद्धत आतून ओळखणारा माणूस समोर उभा असताना नव्या बचावाने तो सामना ४९–३ असा घेतला. शिवाय २०२१ मध्ये बहुतेक सामने मोठ्या फरकाने जिंकल्यामुळे दुसऱ्या फळीतली मुलं आधीच भरपूर खेळलेली होती. जेलन कार्टर हा त्यांतला एक. जॉर्डन डेव्हिस आणि डेव्हॉन्टे वायट या जुन्या खेळाडूंच्या मागे तो आळीपाळीने उतरायचा. पुढे २०२३ च्या ड्राफ्टमध्ये तो नवव्या क्रमांकावर निवडला गेला. अशा मुलाला नवा खेळाडू म्हणणं फक्त कागदावर खरं असतं.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट कोणत्याच तक्त्यात दिसत नाही, ती म्हणजे जोडी. कबड्डी पाहणाऱ्याला ही वेगळी समजवावी लागणार नाही. साखळीतले दोघे एकमेकांचा हात धरून सरकतात तेव्हा एकाने कधी झेप घ्यायची हे दुसऱ्याच्या मनगटाला आधी कळतं. दोघांतला एक बदला, साखळी तीच राहत नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकच्या पुढे उभ्या राहणाऱ्या पाच जणांची आक्रमण रेषा ही अशीच साखळी आहे. समोरचा धडधाकट गडी दोघांनी मिळून अडवायचा आणि नेमक्या क्षणी एकाने त्याला सोडून मागच्याकडे जायचं, तेही न बोलता. देशातल्या सर्वोत्तम आक्रमण रेषेला जो मूर पुरस्कार मिळतो; २०१९ मध्ये तो एलएसयूला मिळाला. पुढच्या हंगामात त्या पाचांतला एकच उरला होता.

जोडीचं हे मोल मैदानाबाहेरही मोजलं गेलं आहे. रॉबर्ट हकमन आणि गॅरी पिसानो यांनी २००६ मध्ये हृदयशस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकच सर्जन अनेक रुग्णालयांत शस्त्रक्रिया करतो. एका रुग्णालयात त्याने जास्त शस्त्रक्रिया केल्या की तिथले निकाल सुधारत. दुसऱ्या रुग्णालयात मात्र त्या सरावाचा तसा फायदा दिसत नसे. हात तेच, कौशल्य तेच, पण त्यातला एक भाग त्या रुग्णालयातल्या माणसांत आणि व्यवस्थेत रुजलेला होता.

हल्ली कॉलेज फुटबॉलमध्ये दुसऱ्या विद्यापीठातून तयार खेळाडू आणणं फार सोपं झालं आहे. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल सुरू झालं आणि २०२१ पासून पहिल्या बदलीनंतर वर्षभर बाहेर बसायची अटही गेली. गेलेल्या सिनियरच्या जागी दुसरीकडचा सिनियर आणता येतो. सर्जनांचा अभ्यास मान्य केला तर या व्यवहारात काहीतरी वाटेत सांडणार. इंडियाना विद्यापीठाने यावर काढलेला मार्ग पाहण्यासारखा आहे. २०२३ मध्ये हा संघ तीन सामने जिंकून नऊ हरला होता. मग जेम्स मॅडिसन विद्यापीठातून कर्ट सिग्नेटी प्रशिक्षक म्हणून आले, आणि एकटे आले नाहीत. तिथले दहाहून जास्त खेळाडू आणि सहायक प्रशिक्षकही त्यांच्यासोबत आले. साखळी तोडून कड्या आणण्याऐवजी त्यांनी साखळीचा मोठा तुकडाच उचलून आणला. २०२४ मध्ये इंडियाना ११–२ अशी गेली.

एलएसयूच्या त्या पडत्या हंगामाची गोष्ट मात्र सप्टेंबरवर संपत नाही. १२ डिसेंबर २०२० ला ते फ्लोरिडाविरुद्ध गेन्सव्हिलला खेळायला गेले. फ्लोरिडा देशात सहाव्या क्रमांकावर, एलएसयू तीन विजय आणि पाच पराभवांवर. क्वार्टरबॅक म्हणून पहिल्यांदाच सुरुवातीपासून उतरला पहिल्या वर्षाचा आणखी एक मुलगा, मॅक्स जॉन्सन. मैदानावर इतकं धुकं दाटलं होतं की समोरचं टोक अंधुक दिसत होतं. पण वर्षभर मार खात त्या मुलांचे एकत्र आठ सामने झाले होते. सामना संपायला २३ सेकंद असताना केड यॉर्कने ५७ यार्डांवरून चेंडू मारला. तो धुक्यात शिरला आणि गोलखांबांमधून पार गेला. ३७–३४.