घोड्याची चाल पारखणे (एन्ड्युरन्स)

लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी घोडा घेताना त्याच्या पावलांचा ताल आणि डाव्या-उजव्या अंगाचा समतोल तपासण्याची रीत. आंतरराष्ट्रीय एन्ड्युरन्स शर्यती १०० ते १६० किमी.च्या असतात आणि त्यातला बराच पल्ला दुडकीनेच, म्हणजे साधे चालणे आणि भरधाव दौड यांच्या मधल्या चालीने, कापला जातो. गुडघे उंच उचलणारी रुबाबदार चाल इथे निरुपयोगी. तेवढी ताकद फुकट जाते. जमिनीलगत, मोकळे आणि लांब पाऊल टाकणारा घोडाच निवडावा.

परीक्षा पाठीवर स्वार नसताना घ्यावी. मोतद्दाराने (घोड्याची निगा राखणाऱ्याने) घोडा कठीण, सपाट जमिनीवर सरळ दुडकीने नेऊन परत आणायचा. दुडकीत तिरप्या जोडीचे पाय एकदम टेकतात, त्यामुळे दोन समान ठोके ऐकू यायला हवेत. पुढचा पाय दुखत असेल तर त्यावर भार येताना घोडा डोके वर उचलतो आणि चांगल्या पायावर येताना खाली झुकवतो. दोर आखूड धरला की हे डोलणे लपते. विकणारा तसा धरत असेल, तर दोर सैल सोडून घोडा पुन्हा पळवायला लावावा, त्यात भीड धरू नये. मागच्या पायाचे दुखणे पुठ्ठ्यात, म्हणजे शेपटीलगतच्या मांसल भागात, दिसते : त्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो. समोरून पाहताना खूर आत वळून पडत असेल, तर दुसऱ्या पायाच्या घोट्याला आतून हात लावून पाहावा; तिथे केस झडलेले किंवा जुना व्रण सापडतो.

सोळाव्या शतकात अरबस्तान आणि इराणकडचे घोडे गोव्याच्या बंदरात उतरून विजयनगर व आदिलशाहीकडे जात. आज या खेळात अरबी घोडाच आघाडीवर आहे. पारखीला लागणारी जमीनही गोव्यात मऊ आणि कठीण अशी दोन्ही प्रकारची मिळते. ओहोटीच्या ओल्या वाळूत घोडा चालवला की ठसे वाचता येतात : मागचा खूर पुढच्याच्या ठशावर किंवा त्याच्या पुढे पडला, तर पाऊल लांब आहे. पण वाळू धक्का सोसून घेते आणि खुराचे दुखणे झाकते, म्हणून निकाल जांभ्याच्या सड्यावरच, म्हणजे जांभा दगडाच्या कठीण पठारावरच, लावावा.

ताजा घोडा बरा चालतोच. किनारपट्टीच्या दमट हवेत घाम लवकर सुकत नाही, अंग तापलेले राहते. त्यामुळे लांब फेरीनंतर तीच दुडकी पुन्हा पाहावी. शर्यतीतही प्रत्येक टप्प्यावर पशुवैद्य घोडा पळवून पाहतात, नाडीही मोजतात. ती ठरल्या वेळेत सहसा मिनिटाला ६४ ठोक्यांवर उतरावी लागते. नाडी उतरूनही घोडा सतत लंगडताना दिसला, तर तो बाद होतो.