सीरोस: निर्वासितांनी वसवलेलं बंदर

अथेन्सचं बंदर असलेल्या पिरेयसहून निघालेली मोठी फेरीबोट चारेक तासांत सीरोस या ग्रीक बेटाला लागते. डेकवरून समोर दोन टेकड्या दिसतात. डावीकडच्या टेकडीला घट्ट चिकटून बसलेलं गाव म्हणजे आनो सीरोस. हे बेटावरचं जुनं गाव. चाच्यांच्या भीतीपोटी लोक उंचावर राहत. खाली, आज जिथे बोटी लागतात तिथे, दोनशे वर्षांपूर्वी वस्ती जवळजवळ नव्हतीच.

आनो सीरोसचे रहिवासी कॅथलिक होते आणि त्यांना फ्रान्सचं संरक्षण होतं. १८२१मध्ये ग्रीकांनी ऑटोमन सत्तेविरुद्ध उठाव केला, तेव्हा हे लोक तटस्थ राहिले. त्यामुळे बेट लढाईतून वाचलं आणि आसरा शोधणाऱ्यांचे पाय तिकडे वळले. १८२२च्या कत्तलीतून निसटलेले खिओस बेटाचे व्यापारी आले, १८२४मध्ये प्सारा बेट उद्ध्वस्त झाल्यावर तिथले दर्यावर्दी आले, स्मिर्नाहूनही (आजचं तुर्कस्तानातलं इझमिर) माणसं आली. मोकळ्या किनाऱ्यावर त्यांनी शहर उभं केलं आणि व्यापाराचा देव हर्मीस याच्या नावावरून त्याला एर्मूपोली म्हटलं. सगळं गमावून आलेल्यांनी नाव मात्र नफ्यातोट्याच्या देवाचं निवडलं!

पुढे आगबोटी आल्या. कॉन्स्टँटिनोपल, स्मिर्ना, अलेक्झांड्रिया आणि पश्चिमेकडची बंदरं यांच्या वाटेवर सीरोस मधोमध पडतं. कोळसा भरायला, माल नि प्रवासी बदलायला सोयीचं. १८३४मध्ये बंदराबाहेरच्या खडकाळ बेटावर दीपगृह झालं. १८५६मध्ये ग्रीसची पहिली आगबोट कंपनी इथेच निघाली आणि १८६१मध्ये निओरियन ही जहाजगोदी. काही काळ पिरेयससुद्धा एर्मूपोलीपुढे फिकं होतं.

ही भरभराट ओसरली त्याचं खापर १८९३मध्ये खुल्या झालेल्या, जमिनीची चिंचोळी पट्टी कापून पश्चिमेहून पिरेयसची वाट जवळ करणाऱ्या कोरिंथ कालव्यावर फोडायची पद्धत आहे. मला ते अर्धंच पटतं. कालवा जेमतेम २५ मीटर रुंद. मोठी जहाजं त्यातून जाणार कशी? खरं तर आगबोटींचा पल्ला वाढला, मध्ये थांबायची गरज उरली नाही, आणि राजधानीला खेटून असलेलं पिरेयस वाढत गेलं. निओरियनची गोदी मात्र टिकली. १९७०च्या दशकात तिथे एनफिल्ड ८००० नावाची चिमुकली विजेची मोटारगाडीसुद्धा तयार होत असे.

विसाव्या शतकात मोटारी पोटात घेणाऱ्या फेरीबोटी आल्या. ८ डिसेंबर १९६६ रोजी क्रीटहून पिरेयसला निघालेली 'हेराक्लिऑन' वादळात बुडाली आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. २६ सप्टेंबर २००० रोजी 'एक्स्प्रेस सामिना' पारोसजवळच्या खडकावर आदळली. त्यात ८०हून अधिक मेले. देशांतर्गत जलवाहतूक स्पर्धेला खुली करणारा कायदा २००१मध्ये झाला. नफ्याचे मार्ग कंपन्या आपणहून चालवतात, तोट्याच्या मार्गांसाठी सरकार पैसे मोजतं. या दुसऱ्या प्रकाराला ग्रीक लोक 'आगोनी ग्रामी', म्हणजे वांझ मार्ग, म्हणतात.

पिरेयस–सीरोस–तिनोस–मिकोनोस हा मार्ग वांझ नाही. उन्हाळ्यात तो पर्यटकांनी फुलून जातो. पण सीरोस हे प्रशासनाचं ठाणंही आहे आणि अपील न्यायालयही इथेच. अनाफीसारख्या टोकाच्या बेटावरच्या माणसाला कज्ज्यासाठी इथे यायचं, तर आधी बोटीचं वेळापत्रक पाहावं लागतं आणि मग वाऱ्याचा अंदाज. वारा ठरावीक जोराच्या पुढे गेला की बोटींना बंदी लागते, आणि कोर्टाची तारीख धक्क्यावर बसूनच हुकते.