गुन्हेपीडितांचे हक्क

फौजदारी खटल्यात एका बाजूला सरकार असते आणि दुसऱ्या बाजूला आरोपी. ज्याचे डोके फुटले किंवा घर फुटले, तो यांच्या मध्ये कुठेतरी साक्षीदार म्हणून उभा असतो. समन्स आले की जायचे, उलटतपासणीला उत्तरे द्यायची आणि निकाल काय लागला ते पुष्कळदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे. गुन्ह्याची झळ ज्याला लागली त्याला खटल्यात स्थान, माहिती, संरक्षण आणि भरपाई देणाऱ्या तरतुदींना मिळून गुन्हेपीडितांचे हक्क म्हणतात.

अभ्यासकांनी हा विषय हाती घेतला तो उलट्या टोकाने. विसाव्या शतकाच्या मध्यात बेंजामिन मेंडेलसोहन आणि हान्स फॉन हेंटिग यांनी पीडिताकडे लक्ष वेधले खरे, पण गुन्हा घडण्यात त्याचा स्वतःचा वाटा किती, हा प्रश्न त्यांच्या मांडणीत पुढे होता. ‘तू तिथे गेलासच कशाला?’ हा चौकशीतला सूर अजून पुरता गेलेला नाही.

कायद्यात पहिली हालचाल झाली ती पैशांच्या बाजूने. गुन्हेगाराने भरपाई द्यावी हे तत्त्व जुनेच. अडचण ही की तो सापडत नाही, आणि सापडला तरी त्याच्याकडे बहुधा काही नसते. म्हणून न्यूझीलंडने 1963 मध्ये सरकारी निधीतून भरपाई देण्याचा कायदा केला. 1964 मध्ये ब्रिटनने आणि 1965 मध्ये कॅलिफोर्नियाने तशीच योजना आणली. अमेरिकेच्या 1984 च्या संघीय कायद्याने यासाठी निधी उभारला, तो मुख्यतः दोषी ठरलेल्यांच्या दंडाच्या रकमेतून. अशा योजना सहसा हिंसक गुन्ह्यांपुरत्या असतात. अर्जाला मुदत असते, उपचारांच्या पावत्या लागतात. पहिल्या दिवसाची औषधांची बिले आणि वैद्यकीय तपासणीचे कागद जपून ठेवणे पुढे फार उपयोगी पडते.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 29 नोव्हेंबर 1985 रोजी केलेला जाहीरनामा हा या विषयाचा पाया. गुन्हेगार ओळखला गेला, पकडला गेला किंवा दोषी ठरला नाही, तरी पीडित हा पीडितच, असे त्यात म्हटले आहे. जवळचे कुटुंबीय आणि मदतीला धावताना जखमी झालेली व्यक्तीही त्यात येऊ शकते.

युरोपीय संघाच्या 2012 च्या निर्देशात काही साध्या, पण नेमक्या गोष्टी आहेत. नव्या न्यायालय इमारतींत पीडितांसाठी वेगळी प्रतीक्षा-जागा असावी, ही त्यांतली एक. आरोपीचे नातेवाईक ज्या बाकावर बसले आहेत त्याच बाकावर साक्षीची वाट पाहत तासन्‌तास बसणे म्हणजे काय, हे अनुभवलेल्याला या कलमाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. मुद्देमाल म्हणून जप्त केलेली वस्तू गरज संपताच परत करावी, हेही त्यात आहे. शिवाय तक्रार नोंदवली नसली तरी साहाय्यसेवा मिळावी, असे बंधन आहे.

पीडिताला किती बोलू द्यावे, यावर मात्र एकमत नाही. फ्रान्समध्ये तो दिवाणी पक्षकार म्हणून फौजदारी खटल्यातच सामील होतो. अमेरिकेत शिक्षा ठरण्यापूर्वी गुन्ह्याचा आपल्यावर झालेला परिणाम सांगणारे निवेदन तो देतो; ही पद्धत 1976 मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे सुरू झाली. मृत्युदंडाच्या खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये अशा निवेदनांना मनाई केली आणि 1991 मध्ये स्वतःच ती उठवली. आक्षेप दुबळा नव्हता: ज्याचे नातलग चांगले बोलणारे, त्याच्या खुन्याला जास्त शिक्षा का व्हावी? भारतात फौजदारी प्रक्रिया संहितेत झालेल्या, 2009 च्या अखेरीस अंमलात आलेल्या दुरुस्तीने पीडिताला निर्दोष सुटकेविरुद्ध अपिलाचा अधिकार दिला आणि राज्यांना भरपाई योजना आखणे भाग पाडले. तिच्या जागी 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तपास कुठवर आला हे पोलिसांनी 90 दिवसांत कळवायचे असते.

प्रत्यक्ष आधार देण्याचे काम बरेचसे स्वयंसेवकांनी उभे केले. ब्रिस्टलमध्ये 1974 साली सुरू झालेल्या प्रयोगातून ब्रिटनची ‘व्हिक्टिम सपोर्ट’ ही संस्था वाढली; जर्मनीत 1976 मध्ये ‘वाइसर रिंग’ स्थापन झाली. युरोपात पीडितांच्या मदतवाहिनीसाठी 116 006 हा क्रमांक राखून ठेवला आहे. समुपदेशन, मोफत वकील, तात्पुरता निवारा ही कामे मोठी. पण फुटलेले कुलूप त्याच संध्याकाळी बदलून देणे आणि तारखेला सोबत जाणे ही मदतही याच कामात मोडते.