‘हे काय? बोल ना!’ विचारल्यावर मूल गप्प का होतं

मूल बोलत नाही म्हटलं की घरातलं प्रत्येक माणूस त्याची परीक्षा घेऊ लागतं. ‘हे काय?’ ‘काऊ कुठाय?’ ‘म्हण, आ-जी.’ जास्त विचारलं तर जास्त बोलेल, ही समजूत प्रेमापोटीच येते. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाच्या बाबतीत मात्र ती बहुधा उलटी पडते.

एरवी वर्षभराचं मूल आई बोट दाखवते तिकडे बघतं आणि त्याच क्षणी कानावर पडलेला शब्द त्या वस्तूला चिकटतो. याला सामायिक लक्ष म्हणतात. स्वमग्नतेत नेमकी हीच कडी कच्ची असते. शिवाय रमलेल्या गोष्टीवरून लक्ष सोडवून घेणं अनेक स्वमग्न मुलांना जड जातं. समजा, मूल खेळण्यातल्या गाडीचं चाक फिरवतंय आणि आई पुस्तक पुढे करून म्हणते, ‘हत्ती बघ.’ आता मुलाला तीन कामं आहेत: चाकावरून लक्ष काढायचं, आईच्या नजरेमागून पुस्तकापर्यंत जायचं आणि मग शब्द चित्राशी जोडायचा. पहिल्या दोनांतच त्याची शक्ती संपते. ‘हत्ती’ हा आवाज हवेत विरतो. कधीकधी तर तो चाकालाच चिकटतो! आईने चाक फिरत असतानाच ‘चाक... गरगर’ म्हटलं, तर पहिली दोन कामं उरतच नाहीत.

मायकेल सिलर आणि मॅरियन सिगमन यांनी २००२ मध्ये २५ स्वमग्न मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मूल ज्यात रमलंय त्याबद्दलच आणि काही करायला न लावता बोलणाऱ्या पालकांच्या मुलांची भाषा १, १० आणि १६ वर्षांनंतरही अधिक पुढे गेलेली होती. यावरून पालकांच्या वागण्यामुळे स्वमग्नता येते असं कुणी म्हणू नये. आईला दोष देणारा तो सिद्धांत केव्हाच मोडीत निघाला आहे. स्वमग्न मुलाला शब्द पोचवायला इतर मुलांपेक्षा जास्त नेमकेपणा लागतो, एवढाच याचा अर्थ.

हा नेमकेपणा शिकवता येतो. ‘पॅक्ट’ या पद्धतीत पालकांना हेच प्रशिक्षण देतात; ब्रिटनमध्ये १५२ मुलांवर झालेल्या तिच्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. पालकांचं बोलणं मुलाच्या लक्षाशी जुळू लागलं आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. पण लक्षणांच्या तीव्रतेत ठोस फरक दिसला नाही. सुमारे ६ वर्षांनी त्यांतल्या १२१ मुलांना पुन्हा तपासलं, तेव्हा मात्र प्रशिक्षण मिळालेल्या गटात तीव्रता कमी आढळली. हीच पद्धत गोवा आणि रावळपिंडीत ‘पास’ या नावाने ६५ मुलांवर वापरली गेली. तिथे शिकवणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते होते; दर पंधरवड्याला एक अशी ६ महिन्यांत १२ सत्रं झाली. २०१६ च्या निष्कर्षांत पालकांचा मुलाशी मेळ आणि मुलांचा पुढाकार दोन्ही वाढले. एकत्र लक्ष देण्याचा वेळ मात्र घटला, हेही सांगायला हवं.

या पद्धतीचं मुख्य साधन म्हणजे व्हिडिओ. टीव्ही बंद करा, तीन-चारच खेळणी जमिनीवर ठेवा, फोन डब्याला टेकवून १० मिनिटं चित्रण करा. मुलाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा. मागे किंवा मांडीवर घेऊन बसलात तर त्याची नजर तुम्हाला दिसणारच नाही. नंतर कार्यकर्त्याबरोबर ते चित्रण बघायचं, ते चुका काढण्यासाठी नव्हे, मेळ जमलेले क्षण हेरण्यासाठी. आपण एका मिनिटात किती प्रश्न विचारले हे मोजलं की बहुतेकांना धक्का बसतो. मग रोज साधारण अर्धा तास सराव.

इथे सर्वात जास्त बिघडतं ते शांततेच्या भीतीने. मूल दोन सेकंद गप्प राहिलं की आपण पोकळी भरतो. साबणाचे फुगे उडवताना ‘एक... दोन...’ म्हणून थांबा आणि मनात दहापर्यंत मोजा. मुलाने नजर वर केली, हात हलवला, ‘ती’ असा अर्धा आवाज काढला, की तोच संवाद समजून लगेच फुंका. वाक्यं मुलाच्या बोलण्याहून एकाच शब्दाने मोठी ठेवा: अजून शब्दच नसेल तर ‘गाडी’, ‘गाडी’ म्हणत असेल तर ‘गाडी गेली’. आणि हे घरच्या भाषेत! ‘फक्त इंग्रजीच बोला’ हा सल्ला पालकांना सर्रास मिळतो, पण दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांचं नुकसान होतं असं अभ्यासांत आढळलेलं नाही. ज्या भाषेत आजी लाडाने बोलते, तीच बंद करणं क्रूर आहे.

याउलट लाखो रुपये घेऊन मूलपेशींचं (स्टेम सेलचं) इंजेक्शन देणाऱ्यांच्या जाहिराती बघून संताप येतो. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाने १८० मुलांवर, मूलपेशी असलेलं नाळेचं रक्त शिरेतून देण्याच्या उपचाराची चाचणी केली, तिचा निष्कर्ष २०२० मध्ये आला: सामाजिक संवादाच्या मुख्य मोजमापात, तुलनेसाठी दिलेल्या खोट्या उपचारापेक्षा सरस परिणाम नाही.

निदानाची वाट पाहत हा सराव थांबवायची गरज नाही, आणि सरावामुळे निदानही लांबवू नये. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी मोफत होते. त्याआधी एकदा ऐकण्याची चाचणी जरूर करून घ्या. ऐकूच येत नसेल तर वरचं सगळं वाया जाईल. मूल आधी बोलत असलेले शब्द विसरू लागलं किंवा त्याला झटके आले, तर मात्र त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर थेट रुग्णालयात न्या.